उतावळी की म्हातारबा

मी मुळातच उतावळी. आई म्हणते, ही पोरगी चहाला उकळी यायच्या आधीच कप पुढं करून बसते. त्यात तापटपणा वडिलांकडून आलेला, म्हणजे सगळा आनंदच. त्यामुळे माझ्या लॅपटॉपमध्ये कुठली सिस्टीम घालायची हा प्रश्न मी डोकं शांत ठेवून सोडवेन, असं आमच्या साताऱ्याच्या घरात कुणालाच वाटत नव्हतं.

तो प्रश्न उभा राहिला तोही भांडणातूनच. पुण्यातली माझी नोकरी सुटली होती. कंपनीनं आमचा अख्खा गटच बंद केला आणि मी बोचकं बांधून घरी आले. घरी बसून छोटी छोटी सॉफ्टवेअरची कामं घ्यायला लागले आणि काय सांगू, मला ते लय आवडलं. स्वतःचं टेबल, खिडकीतनं दिसणारा अजिंक्यतारा, मधेच आईच्या हातचं गरम थालीपीठ आणि डोक्यावर साहेब नाही! एवढ्यात एके सकाळी लॅपटॉपनं पडद्यावर पाटी झळकवली. विंडोजची नवी आवृत्ती या यंत्रावर चालणार नाही, जुनीची देखभाल आता बंद, नवा लॅपटॉप घ्यायचा विचार करा. माझं टाळकंच फिरलं. चांगला धडधाकट लॅपटॉप, एक बटणसुद्धा ढिलं झालेलं नाही, आणि हा मला सांगतोय नवा घे? "तूच जा की मग," असं मी त्याला मोठ्यानं म्हणाले आणि त्याच दिवशी लिनक्स घालायचं ठरवून टाकलं.

लिनक्सची आणि माझी ओळख होती, पण लांबच्या पाहुण्यासारखी. ऑफिसातले मोठे सर्व्हर त्यावरच चालायचे. आम्ही दुरून त्यांना आज्ञा द्यायचो आणि घरी येऊन आपापल्या विंडोजवर झोपायचो. त्याची मुख्य गंमत अशी की ते कुणा एकाचं नाही. आतला सगळा कोड उघडा. कुणीही वाचावा, दुरुस्त करावा, त्याची प्रत काढावी आणि शेजाऱ्याला द्यावी. शेजाऱ्यानं त्याच्या मेव्हण्याला दिली तरी कुणी विचारणार नाही. म्हणूनच त्याच्या एक सोडून कितीतरी जाती झाल्यात आणि निवड करायला बसलं की माणूस येडं होतं.

मीही झाले. आधी पेनड्राइव्हवर एकेक सिस्टीम घ्यायची, लॅपटॉपला लावायची आणि आतल्या डिस्कला हात न लावता नुसती चालवून बघायची, अशी यात सोय असते. पटलं तर ठेवा, नाही तर पेनड्राइव्ह काढा. ते कळल्यावर मी साड्यांच्या दुकानात बसल्यासारखी बसले. ही उलगड, ती उलगड. एकीत वायफायच लागेना. एकीचं रूप असं देखणं की मी आईला हाक मारून दाखवलं, पण तिच्यात मराठी जोडाक्षरांची पार फाटाफूट. एक इतकी हलकी की लॅपटॉपचा पंखासुद्धा फिरेना, मला वाटलं बंदच पडला. आई येता-जाता विचारायची, "पसंत पडलं का एखादं स्थळ?" मी म्हणायचे, "बघतीय." ती म्हणायची, "बग बाई, तुझं हेच तरी जमू दे."

शेवटी दोन उरल्या. त्यांची खरी नावं मी घेत नाही, कारण घेतली की दोन्हीकडचे भक्त दारात भांडायला येतात, मला अनुभव आहे. मी त्यांना माझीच नावं ठेवली होती. एक म्हातारबा. जुनी, मुरलेली, वर्षानुवर्षं तपासून घासून झाल्याशिवाय कुठलीही नवी गोष्ट आत न घेणारी. आणि दुसरी उतावळी. जगात काही नवं निघालं की दुसऱ्या दिवशी हिच्याकडं हजर. प्रोग्रामिंगच्या भाषेची अगदी ताजी आवृत्ती, ताजी साधनं, सगळं एका आज्ञेत. मी पहिल्यांदा तिला चालवलं तेव्हा एक जुनं काम करून बघितलं. जे विंडोजवर चालू करून मी चहा टाकून यायचे, ते माझी मान वळायच्या आत झालं. मी खुर्चीतनं उठून ओरडलेच. आण्णा बाहेर पेपर वाचत होते, ते आत धावत आले. त्यांना वाटलं शॉक बसला.

आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर. रोज किल्ला चढून उतरून येतात, मिशीला आकडा आहे आणि घरातली प्रत्येक वस्तू त्यांना दोन लागते. एक चालू, एक राखीव. टॉर्च दोन, छत्र्या दोन, चष्मे दोन. त्यांना मी त्या दिवशी उत्साहाच्या भरात दोन्ही सिस्टीमची कुंडली सांगितली. त्यांनी एखाद्या भरतीच्या पोराकडं बघावं तसं दोन्हीकडं बघितलं आणि म्हणाले, "ही दुसरी भरवशाची वाटंना. रोज कपडं बदलतीया. तू त्यो म्हातारा घे."

"आवं आण्णा, मला प्रोग्राम लिहायचेत. जुन्या हत्यारांनी किती दिवस लढायचं?"

"हत्यार जुनं-नवं नसतं. चालणारं आन अडकणारं, दोनच जाती."

मला असला राग आला! मी उतावळीच घातली. आणि आण्णा काय कमी आहेत? त्यांनी माझा डिप्लोमाच्या वेळचा जुना लॅपटॉप माळ्यावरनं काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्यापुढं ठेवला. "ह्यो आता माझा. ह्याच्यात म्हातारा घाल." घातला. झक मारत घातला म्हणा. वर हुकूम, "आन याची एक राखीव कर." म्हणून एका पेनड्राइव्हवर अख्खी म्हातारबाची सिस्टीम बसवून दिली, अशी की कुठल्याही कॉम्प्युटरला लावली की आण्णांचं सगळं सामान उघडावं. तो पेनड्राइव्ह त्यांनी शर्टच्या वरच्या खिशात, माजी सैनिकाच्या कार्डामागं ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

याच सुमारास दोन गोष्टी एकदम आल्या. पुण्यातल्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली, दसऱ्यापर्यंत कळवा म्हणाले. आणि सांगलीहून आत्याचा फोन आला.

आत्या आण्णांची थोरली बहीण. सांगलीच्या मार्केट यार्डात तिची हळदीची अडत आहे. शेतकऱ्यांनी आणलेल्या मालाचे सौदे लावून द्यायचे, वजन करायचं, पट्टी म्हणजे हिशोबाची चिठ्ठी करून द्यायची. तिचे यजमान, आमचे मामा, गेल्यापासून ती एकटी सांभाळते आणि तिच्यापुढं हमाल काय, व्यापारी काय, सगळे जपून बोलतात. दुकानात एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यात कुणीतरी चोरून काढलेलं विंडोज घातलेलं, त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' असं कायम दिसायचं. आत्याला त्याची लाज वाटायची. आमचं मूळ गाव म्हसवडच्या बाजूला, कुलदैवत सिद्धनाथ. तिनं त्या कोपऱ्यावर सिद्धनाथाचा छोटा फोटो चिकटवून टाकला होता. आता तर तो कॉम्प्युटर दिवसातनं दोनदा बंद पडायला लागला होता.

"तू येवढी कॉम्प्युटर शिकलीस," ती म्हणाली, "तर मला सौद्याचं एक चांगलं करून दे. मराठीत. दसऱ्याला चालू करायचं. दसऱ्याला आपल्याकडं मुहूर्ताचं सौदं असत्यात, त्याची पयली पट्टी तुझ्या यंत्रातनं निघू दे."

मी फोनवरच उड्या मारल्या. आण्णांनी मात्र मिशीवर हात फिरवला आणि मला समोर बसवलं. त्यांच्या लेखी नोकरी म्हणजे नोकरी. महिन्याच्या महिन्याला पगार, वर साहेब, खाली हाताखालची माणसं. घरी बसून लॅपटॉप बडवणं हे त्यांना सुट्टीवर आल्यासारखं वाटायचं. ते म्हणाले, "ट्रायल घे. दसऱ्याला आक्काच्या दुकानात तुझं चाललं, तर ऱ्हा घरी, मी परत पुण्याचं नाव काडणार न्हाई. न्हाई चाललं, तर मुकाट्यानं पुण्याला जायाचं. कबूल?"

"कबूल!" मी म्हणाले. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालंच.

ते दिवस म्हणजे नुसता धिंगाणा. सकाळी उठलं की उतावळी काहीतरी नवं घेऊन उभी असायची आणि मी ते लगेच वापरायचे. मालाचा लॉट कुणाचा, पोती किती, बोली कुणाची, वजन झालं का, सगळं पडद्यावर आलं पाहिजे आणि बटण दाबलं की मराठीत पट्टी छापून आली पाहिजे. संध्याकाळी आण्णा त्यांच्या म्हातारबावर माझा प्रोग्राम चालवून बघायचे. मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना राहवायचं नाही. आणि हटकून हाक यायची, "माझ्याकडं चालंना!"

चालणार कसं? मी वापरलेली नवी साधनं म्हातारबाच्या गावीच नव्हती. "आवं, माझ्याकडं चालतंय की!" मी आतनं ओरडायचे.

"तुझ्याकडं चालून काय उपेग? माझ्याकडं चाललं पायजे."

मग मी दातओठ खात तेवढा भाग जुन्या पद्धतीनं परत लिहायचे. दोन्हीकडं चालेल असा. म्हाताऱ्याचे लाड म्हणून. मनात म्हणायचे, आत्याकडं तर उतावळीच बसवणार आहे मी, हे सगळं कशासाठी? पण आण्णा चष्मा नाकावर घेऊन, एका बोटानं, खोट्या हळदीचे खोटे सौदे भरत बसायचे. त्यांनी शेतकरी म्हणून त्यांच्या जुन्या पलटणीतली माणसं भरली होती. लंगरचा स्वयंपाकी, ट्रकचा ड्रायव्हर, बिगुलवाला, न्हावी. खरेदीदार म्हणून सगळीकडं एकच, 'आक्का'. आणि झोपायच्या आधी ते सगळं, प्रोग्रामासकट, राखीव पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं सांगलीला निघालो. माझा बेत पक्का होता. दुपारपर्यंत दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतावळी बसवायची, संध्याकाळी प्रोग्राम घालून प्रिंटर जोडायचा, सकाळी मुहूर्त. कऱ्हाड मागं पडेपर्यंत मी आण्णांना तेच सांगत होते. ते खिडकीतनं ऊस बघत होते आणि हूं हूं करत होते.

मार्केट यार्डात उतरले आणि दुकानात पाऊल टाकलं तर काय! कॉम्प्युटर धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून, कपाळाला कुंकू लावून बसलेला. शेजारी वजनकाटा, त्यालाही माळ. पोत्यात खुपसून माल बघायचा बंबू, हमालांचे आकडे, स्टेपलरसुद्धा पाटावर मांडलेला. अहो, खंडेनवमी! हत्यारांची, औजारांची पूजा करायची आणि त्यांना दिवसभर विश्रांती द्यायची. आपल्या घरात जन्मापासून बघते मी. पण पुण्यात काय, लॅपटॉपला फूल वाहायचं आणि लगेच कामाला बसायचं. माझ्या डोक्यातनं ते साफ निघून गेलं होतं.

"आत्या, मला याच्यात सिस्टीम घालायचीय," मी म्हणाले.

"आज?" आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी एक पाऊल मागं गेले. "आज यंत्राला हात लावायचा न्हाई. उद्या सकाळी पूजा हालवली की घाल काय घालायचं ती."

"अगं पण सकाळी मुहूर्त आहे!"

"मग? मुहूर्त सकाळीच असतोय." आणि वर, "तुझं पण आण इकडं. तुझी हत्यारं कुठायत?"

मी आण्णांकडं बघितलं. सुभेदारसाहेब थोरल्या बहिणीपुढं शाळेतल्या पोरासारखे उभे. त्यांनी गुपचूप टॉर्च आणि चाकू काढून पाटावर ठेवले. मीही लॅपटॉप ठेवला आणि "मुख्य हत्यार हेच" म्हणत उतावळीचा पेनड्राइव्ह ठेवला, प्रोग्रामची प्रतही त्यातच. आत्यानं सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं. पेनड्राइव्ह केवढासा, त्याचं कपाळ कुठलं हे तिला कळेना. तिनं त्याचं टोपण काढलं, चकचकीत धातूचं टोक बघितलं आणि ओल्या कुंकवाचं बोट नेमकं तिथंच दाबलं. भरपूर. वर हळद.

"आत्याऽऽ!"

"काय झालं? मुख्य हत्यार ह्येच म्हणालीस न्हवं?"

मला हसावं की रडावं कळेना. पण मी काही घाबरले नाही. म्हटलं, ठीक आहे, दुकानाच्या कॉम्प्युटरचं मागनं बघू. सकाळी माझ्याच लॅपटॉपला प्रिंटर जोडायचा आणि मुहूर्त उरकायचा. प्रोग्राम त्यात आहेच. काय अडणार आहे? दिवसभर मी आत्याकडची पुरणपोळी खाल्ली, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन आले आणि मनातल्या मनात पुण्याला नकार कळवायचा मजकूर तयार केला.

दसऱ्याला सकाळी आत्यानं पूजा हलवली. मी लॅपटॉप उघडला. आणि उतावळीनं कोपऱ्यात टिचकी दिली, नवं आलंय, घेणार का? आता माझं म्हणणं ऐका. दसऱ्याचा दिवस. लोक नवी गाडी घेतात, नवं सोनं घेतात, नवे कपडे घालतात. मी म्हटलं, मुहूर्तावर नवं नको म्हणायचं? हात जोडले आणि 'हो' दाबलं. मोबाइलवरनं इंटरनेट दिलं आणि दाराला तोरण बांधायला हात लावू म्हणून बाहेर गेले.

परत आले तर पडदा काळा. वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ, लुकलुक, लुकलुक. बंद केला, चालू केला. काळा. परत केला. काळा. हे दुरुस्त होतं, मला माहीत होतं, अशी गाडी मागच्या आवृत्तीवर नेता येते. पण आज्ञा कुठली, बटण कुठलं, काही आठवेना. बाहेर शेतकरी टोप्या सावरत बसलेले, हळदीच्या नमुन्याच्या पराती मांडलेल्या, व्यापारी एकेक येऊन आत्याला सोनं देऊन गादीवर टेकत होते. मी धावत जाऊन उतावळीचा पेनड्राइव्ह घेतला. म्हटलं, दुकानाच्याच कॉम्प्युटरला लावून त्यावरनं चालवते. टोकावर कुंकू वाळून दगड झालेलं. केसातला आकडा काढून खरवडलं, फुंकलं, पदराला पुसलं, लावलं. कॉम्प्युटरनं ओळखच दाखवली नाही.

"काय गं, झालं का?" आत्या गादीवरनं.

"होतंय!" मी परत खरवडायला घेतलं.

पुणं डोळ्यापुढं उभं राहिलं. ती खोली, तो डबा, सिग्नलला तुंबलेली बस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हरले तेही स्वतःच्या हातानं. मी मान वर केली. समोर, पोत्यांच्या थप्पीशेजारी, आण्णा हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यांना काही करायची गरजच नव्हती. नुसतं तसंच उभं राहायचं होतं, आणि पैज त्यांची होती. त्यांना जे हवं होतं ते आपोआप होणार होतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि मला ते लपवायचंही सुचेना.

आण्णांनी शर्टच्या खिशाचं बटण काढलं. कार्ड काढलं, कार्डामागनं पेनड्राइव्ह काढला, आणि येऊन माझ्या तळहातावर ठेवला.

"घे," ते म्हणाले. "माझ्याकडं चालतंय."

"हा काल पूजेत कसा नाही ठेवला?" मी कसंबसं विचारलं.

"राखीव पलटण पूजेला बसवत नसत्यात. लाव लवकर, माणसं खोळंबल्यात."

लावला. दुकानाचा कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर भराभरा पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. मागनं कुणीतरी म्हणालं, "आत्ता गेलं वाटतं यंत्र." मी म्हटलं, "गप बसा हो, येतंय!" आत्या उठून माझ्या खांद्यामागं आली आणि सिद्धनाथाच्या फोटोकडं बघून तिनं मोठ्यानं आरोळी दिली, "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!" आणि म्हातारबा उघडला! तसाच, साधा, बिनरंगी, आण्णांच्या पलटणीचा फोटो मागं लावलेला. मी प्रोग्रामवर टिचकी मारली. उघडला. एक अक्षर फुटलं नाही. संध्याकाळ-संध्याकाळ दातओठ खाऊन जे जे परत लिहिलं होतं ते ते सगळं चाललं. आत्याचा तो जुना खडखडणारा प्रिंटर, मी वायर खोचते न खोचते तोच त्यानं ओळखला, आणि मी भर दुकानात उडी मारली. खरंच मारली. परात उलटता उलटता वाचली.

सौदा पुकारला गेला. मी लॉट भरला, बोली भरली, वजन भरलं, बटण दाबलं. कर्रर्र करत कागद बाहेर आला. आत्यानं तो फाडला, आधी सिद्धनाथापुढं धरला आणि मग पहिल्या शेतकऱ्याच्या हातात दिला. म्हातारा माणूस होता. त्यानं कागद लांब धरून स्वतःचं नाव वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "गड्या, मराठीत हाय की रं! आमच्या पोराला इचाराय नगं आता." मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

एवढ्यात आत्यानं पडद्यावरची यादी बघितली. वरच्या सगळ्या नोंदी आण्णांच्या. स्वयंपाकी, ड्रायव्हर, बिगुलवाला, न्हावी.

"आरं ह्ये कोण?" ती आण्णांवर कडाडली. "आन समद्यांची हळद मीच घेतली व्हय रं? येवढ्या हळदीत काय मला न्हायाला बसवतुयास?"

सगळं दुकान खो खो हसलं. आण्णा मिशीत हसले आणि पोत्यांमागं सरकले.

दुपारी, सगळी गर्दी ओसरल्यावर, माझा लॅपटॉप मी शांतपणे उघडला. मागची आवृत्ती निवडायचं बटण सापडलं आणि उतावळी काहीच झालं नसल्यासारखी हसत समोर आली. मला तिचा राग धरता येईना. ती माझ्यासारखीच होती. पण दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये म्हातारबाच राहील हे तोपर्यंत आत्यानं ठरवून टाकलं होतं. "जे मुहूर्ताला चाललं तेच ठिवायचं," ती म्हणाली, आणि तो पेनड्राइव्ह काढू दिला नाही. काढायला गेले तर हातावर चापट. त्याच्यावर डोक्याच्या बाजूला, यावेळी कोरडं, कुंकू लावलं.

संध्याकाळी सोनं वाटून झालं. मी दुकानाच्या पायरीवर बसले होते. मोबाइलमध्ये पुण्याच्या कंपनीचा मेल उघडा होता पण सकाळी चाललं ते माझ्या उतावळीवर नव्हे, आण्णांच्या म्हातारबावर, म्हणून काल पाठ केलेला मजकूर आता लिहवत नव्हता. आण्णा आले. माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. मी उठून पाया पडले, मग आम्ही दोघं पायरीवर बसलो.

"आण्णा," मी विचारलं, "तुम्ही सकाळी गप बसला असता तर पैज तुमची होती."

ते पायरीवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या गोळा करायला लागले.

"तुमालाच पुणं पायजे होतं ना माझं?"

"पायजे हुतं. पर तुझं तोंड बघवंना."

मला एकदम रडू आलं. त्यांना रडणं बघवत नाही, ते लगेच फौजेतल्या आवाजावर येतात. त्यांनी रिकाम्या खिशावर हात आपटला.

"ह्ये बघ. आक्कानं माझं राखीव ठिवून घेतलं. माझा खिसा मोकळा हाय. घरी गेल्या गेल्या मला दुसरं करून द्यायचं, समद्या सामानासकट. आन तुझ्या प्रोग्रामात काय नवं घातलंस की रोज मला दावायचं, माझ्याकडं चालतंय का न्हाई ते. मेल टाक आधी त्यास्नी, न्हाई म्हणून." मग जरा खाली मान घालून, आपट्याचं पान बोटात फिरवत म्हणाले, "पुण्यास्नं कसं करून देशील?"

मी मेल टाकला.